सिनेमाचं नाक

चित्रपट सुरू होण्याआधी पडद्यावर एक कागद झळकतो. राष्ट्रगीत संपलेलं असतं, माणसं खुर्चीत टेकत असतात, कुणी मोबाइलच्या उजेडात आपली रांग शोधत असतं. नियमाने तो कागद दहा सेकंद दाखवावा लागतो. त्यावर चित्रपटाचं नाव, भाषा, लांबी आणि वर्ग असतो. त्याच्या डाव्या कोपऱ्यात खाली कधी कधी एक छोटा त्रिकोण असतो, आणि तो फारसा कुणी पाहत नाही. त्रिकोण असेल तर समजायचं की काहीतरी कापलंय. काय कापलं ते प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात लिहिलेलं असतं आणि तो भाग पडद्यावर येत नाही. नाटकाला तिसरी घंटा असते, सिनेमाला हा त्रिकोण. फरक इतकाच की घंटा ऐकू येते.

सेन्सॉर म्हटलं की डोळ्यांसमोर कात्री येते. व्यंगचित्रकारांनी ती शंभर वर्षं काढली, त्यामुळे आपली समजूतही तशीच झाली. पण मुंबईत ज्यांचं पोट सिनेमावर आहे त्यांना कात्रीची फारशी भीती वाटत नाही. दोन शब्द गेले, एक शॉट गेला, तर चित्रपट मरत नाही. भीती वाटते ती कॅलेंडरची. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, आणि सिनेमाचं नाक शुक्रवारी असतं. सरकारी मंडळ असो, पक्षाची शाखा असो, एखाद्या जातीची संघटना असो की समाजमाध्यमावरचा जमाव, ज्याला हे नाक सापडलं त्याला कात्रीची गरज उरत नाही.

हे नाक इतकं नाजूक का, त्याचं उत्तर वाटणीत आहे. २००९ साली निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्स यांच्यात वाटणीवरून दोन महिने भांडण झालं, एप्रिल-मेच्या ऐन सुट्टीत मोठे हिंदी चित्रपट लागलेच नाहीत. (तोही एक बहिष्कारच, पण त्यात कुणाच्या भावना दुखावल्या नव्हत्या, म्हणून तो लक्षात राहिला नाही.) शेवटी तडजोडीचे जे आकडे ठरले ते धंद्यात तोंडपाठ आहेत: वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि चौथ्यापासून ३०. दर आठवड्याला निर्मात्याचा हिस्सा घसरतो आणि प्रेक्षकही घसरतो. म्हणून पहिले तीन दिवस ज्याच्या हातात, त्याच्या हातात चित्रपट. त्यात कर्जाचं व्याज. महिना दीड टक्का दराने पाच कोटी उचलले असं धरलं, तर महिन्याला साडेसात लाख नुसते व्याजाचे. तारीख एक आठवडा पुढे गेली की पावणेदोन लाख गेले, शिवाय फलकांवर, बसच्या मागे, रिक्षांच्या पाठीवर छापलेली तारीख खोटी ठरली ती वेगळीच.

मराठी चित्रपटाची गत आणखी नाजूक. हिंदीला शुक्रवार हुकला तर पुढचा मिळतो. मराठीला मुळात मिळालेला शुक्रवारच कुणाच्या तरी मोठ्या चित्रपटाच्या सावलीतला असतो. तो गेला की पुढे सणासुदीचे हिंदी, दाक्षिणात्य, हॉलिवूडचे असे ओळीने उभे. २०१५ साली राज्य सरकारने मराठीला प्राइम टाइम द्यायचा निर्णय घेतला तेव्हा मोठा गदारोळ झाला, पण प्राइम टाइमचा खेळ मिळायलाही आधी तारीख धरून ठेवावी लागते.

केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं कार्यालय पेडर रोडवर, फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात आहे. १ जून १९८३ पासून मंडळाच्या नावातला ‘सेन्सॉर’ शब्द गेला आणि ‘प्रमाणन’ आला. बोलताना मात्र आजही कुणी ‘प्रमाणनला पाठवला’ म्हणत नाही, ‘सेन्सॉरला गेलाय’ असंच म्हणतात. लोकांची जीभ खरं बोलते.

१९८३ च्या नियमांनी या प्रवासाचं वेळापत्रकच घालून दिलं होतं. अर्जाची छाननी ७ दिवस, परीक्षण समिती नेमायला १५, समितीचा अहवाल अध्यक्षांकडे जायला १०, निर्णय अर्जदाराला कळवायला ३, अर्जदाराने कापलेले भाग जमा करायला १४, ते तपासायला १४, प्रमाणपत्र द्यायला ५. बेरीज ६८. एरवी हे काम दोन-तीन आठवड्यांत होऊन जायचं, पण ६८ हा आकडा कपाटात तलवारीसारखा टांगलेला असे. ‘पद्मावत’च्या वेळी २०१७ च्या अखेरीला तो बाहेर काढला गेला. वाद पेटलेला, १ डिसेंबरची तारीख जाहीर झालेली, आणि उत्तर आलं की नियमाप्रमाणे ६८ दिवस लागू शकतात. नकार कुणीच दिला नाही, शुक्रवार मात्र गेला. २०२४ च्या नव्या नियमांनी मुदती आवळल्या आणि घाई असणाऱ्यांसाठी प्राधान्याने चित्रपट पाहण्याची सोय ठेवली. घाई नसलेला निर्माता अजून जन्माला यायचाय, हा भाग सोडा.

अर्ज ऑनलाइन असतो, पण अडतो तो कागदांवर. पटकथा, गाण्यांचे शब्द, सारांश, नोंदणीकृत नावाचा दाखला हे सगळं जमतं. मराठी चित्रपट हमखास अडतो तो बैलावर. गावाकडची गोष्ट आहे, चौकटीत बैलगाडी जाते, कोंबड्या फिरतात, शेवटच्या दृश्यात घोडा येतो. २००१ च्या नियमांनुसार चित्रपटात प्राणी वापरला तर पशू कल्याण मंडळाची परवानगी लागते, आणि ती चित्रीकरणाच्या आधी घ्यायची असते. कोणता प्राणी, कुणाचा, कुठे, कोणत्या तारखेला, काय करणार, पशुवैद्याचा तंदुरुस्तीचा दाखला, मालकाची संमती. चित्रीकरण झाल्यावर ती दृश्यं दाखवून पुन्हा ना-हरकत. हे मंडळ आधी चेन्नईत होतं, २०१८ साली हरियाणातल्या बल्लभगडला गेलं. म्हणजे साताऱ्याच्या बैलाने मान डोलावली की नाही हे हरियाणातून कळतं. नवखा निर्माता चित्रीकरण उरकून मग हा कागद शोधायला निघतो, आणि तेव्हा बैल विकला गेलेला असतो. संगणकावर प्राणी तयार केला तरी सुटका नाही, तसं पडद्यावर लिहावं लागतं आणि तो संगणकाचाच आहे हे पटवावं लागतं. हेतू चांगला आहे यात वाद नाही; घोड्यांच्या तंगड्यात तार अडकवून त्यांना पाडणाऱ्या सिनेमावाल्यांनीच हा दिवस ओढवून घेतला. पण दीड मिनिटाच्या बैलापायी तारीख जाते तेव्हा हेतूची आठवण कुणाला राहत नाही.

७२ मिनिटांहून मोठा चित्रपट असेल तर जुन्या पद्धतीत सल्लागार पॅनेलचे चार सदस्य आणि एक अधिकारी तो पाहतात. अंधारात पाच माणसं, बाहेर बाकावर दिग्दर्शक. चित्रपट संपल्यावर प्रत्येकाने आपलं मत लगेच लेखी द्यायचं. मग दिग्दर्शकाला आत बोलावतात. इथे जे घडतं त्याला वादविवाद म्हणता येणार नाही. ते भाजीबाजाराच्या जास्त जवळचं आहे. सतरा बदल सांगितलेत, अकरावर येतं का? हा शब्द राहू द्या, तो घ्या. अनुभवी माणसं म्हणे मुद्दाम दोन-तीन भडक गोष्टी चित्रपटात ठेवून जातात, की सभ्य लोकांची नजर त्यांच्यावर पडावी आणि खरा हवा असलेला संवाद वाचावा. ही युक्ती सगळ्यांना माहीत आहे, समितीलाही.

पटलं नाही तर पुनरीक्षण समितीकडे जाता येतं, तिथे अध्यक्षांशिवाय नऊपर्यंत सदस्य. त्यापुढे दिल्लीत अपील न्यायाधिकरण होतं. ते एप्रिल २०२१ मध्ये वटहुकमाने बंद झालं, आता थेट उच्च न्यायालय. न्यायाधिकरणात कमी खर्चात, चित्रपटाची जाण असलेल्या माणसांपुढे बोलता येई. उच्च न्यायालयात वकील आला, फी आली, आणि पुन्हा तारीख आली. मोठी कंपनी जाते. चाळीस लाख कसेबसे जमवून सिनेमा केलेला मराठी निर्माता अकरावर सही करतो.

आणि जिथे वेळ विकत मिळू शकतो, तिथे तो विकणाराही निघतो. ऑगस्ट २०१४ मध्ये मंडळाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यालाच सीबीआयने लाचेच्या आरोपाखाली पकडलं. २०२३ मध्ये एका तमिळ अभिनेत्या-निर्मात्याने आपल्या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीसाठी मुंबईत साडेसहा लाख रुपये मोजावे लागल्याचा जाहीर आरोप केला आणि सीबीआयने गुन्हा नोंदवला. नैतिकतेचा भाव कुणी विचारत नसतं, विचारतात तो पुढच्या शुक्रवारचा.

आता कापण्याबद्दल. ‘एक शब्द काढा’ म्हणणं सोपं, काढणाऱ्याला विचारा. संवाद मधल्या, पडद्यामागच्या स्पीकरमधून येतात. त्यातला एक शब्द नुसता गप्प केला तर त्याच्याबरोबर खोलीचा आवाजही जातो, पंखा, पाऊस, लांबची लोकल, आणि पडद्याला भोक पडल्यासारखं वाटतं. म्हणून संवादाशिवायचा आवाजाचा पट्टा वेगळा जपलेला असेल तरच तिथे ठिगळ लावता येतं. घाईत ‘पीं’ वाजवला की काम होतं, पण मग प्रेक्षक मूळ शिवीपेक्षा मोठी शिवी मनात भरतो. त्यापेक्षा शब्द बदलणं बरं. अभिनेत्याला पुन्हा बोलवायचं, आणि असा शब्द शोधायचा की ओठ जुळले पाहिजेत. मूळ शब्द प, ब, भ, म यांपैकी कशाने सुरू होत असेल तर नवाही तसाच हवा, नाहीतर मिटलेले ओठ आणि उघडा आवाज लगेच पकडले जातात. डबिंगच्या खोल्यांमधून मराठीला किती नव्या शिव्या मिळाल्या असतील याचा कुणीतरी अभ्यास करायला हवा.

गाणं असेल तर आणखी गंमत. दीड सेकंदाचा शॉट काढायला सांगितलाय, पण ठेका केहरव्याचा, म्हणजे आठ मात्रांचा. मिनिटाला १२० ठोके असलेल्या गाण्यात आठ मात्रा म्हणजे नेमके चार सेकंद. कापायचं तर पूर्ण आवर्तन कापायचं, नाहीतर ढोलकी लंगडते. म्हणून गाण्यात सहसा कापत नाहीत, दुसरा शॉट बसवतात, आणि तो नवा शॉटही दाखवून मंजूर करून घ्यावा लागतो. धूसर करायचं म्हटलं तर कॅमेरा हलतोय, माणूस हलतोय, सेकंदाला २४ चौकटी, त्या डागाने प्रत्येक चौकटीत माणसाचा पाठलाग करायचा. आणि चित्रपटाची लांबी दोन सेकंदांनी बदलली की पुढची सगळी उपशीर्षकं दोन सेकंद घसरतात. हे शेवटच्या घाईत विसरलं जातं, आणि पहिल्या दिवशी नायिका बोलून गेल्यावर तिचं वाक्य खाली उमटतं.

त्यानंतर थिएटरला जाणारी डिजिटल प्रत. दीड-दोनशे जीबीचा ऐवज. शहाणी माणसं ती वीस-वीस मिनिटांच्या रिळांत तोडून ठेवतात, म्हणजे बदललेलं तेवढंच रीळ पुन्हा बनवता येतं. अखंड एकच फाइल केली असेल तर एका शब्दासाठी सगळं नव्याने. मग प्रत्येक थिएटरच्या यंत्रासाठी वेगळी किल्ली जाते, ठराविक वेळेपुरती चालणारी. सेन्सॉरचा कागद बुधवारी रात्री हातात पडला तर या सगळ्याला एक दिवस उरतो.

आता ‘ए’ची गोष्ट. वरवर पाहता ‘ए’ म्हणजे प्रौढांसाठी, काही कापायचं कारण नाही, द्या आणि मोकळे व्हा. मग निर्माता ‘यूए’साठी, म्हणजे मोठ्यांच्या देखरेखीत मुलांनाही चालणाऱ्या वर्गासाठी, कट का मागून घेतो? कारण डिसेंबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका प्राध्यापिकेच्या याचिकेवर आदेश दिला की प्रौढांसाठीचे चित्रपट टीव्हीवर दाखवायचे नाहीत. टीव्हीवर जायचं तर पुन्हा प्रमाणित करून ‘यू’ किंवा ‘यूए’ व्हायला हवं. उपग्रह हक्कांचा, म्हणजे टीव्हीला विकलेल्या हक्कांचा, पैसा अनेक चित्रपटांचा पाठीचा कणा होता. त्यामुळे वाहिनीशी करार करतानाच अट येई: ‘यूए’ आणा. म्हणजे जी कात्री मंडळाच्या हातात दिसते तिची मूठ कितीदा वाहिनीच्या खरेदी विभागाच्या हातात असते. २०२३ च्या दुरुस्तीने टीव्हीसाठी वेगळ्या प्रमाणपत्राची तरतूद कायद्यातच आली, आणि ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन भाग झाले. परदेशात असतं तसं वयानुसार वर्गीकरण, ही मागणी जुनी होती. वर्ग आले. कात्री मात्र गेली नाही.

इतिहासात फार रमायचं कारण नाही, पण एक लक्षात ठेवावं की शब्दांची आणि खुणांची भीती इथल्या सिनेमाने मूकपटांच्या काळातच पाहिली. मुंबईच्या कोहिनूर कंपनीच्या ‘भक्त विदुर’मधला विदुर १९२१ साली गांधीटोपी घालून आला आणि मद्रास, कराचीत बंदी आली. प्रभातला ‘स्वराज्य तोरण’चं ‘उदयकाल’ करावं लागलं, कारण स्वराज्य. बालगंधर्वांचा ‘महात्मा’ १९३५ साली ‘धर्मात्मा’ झाला, कारण चित्रपट संत एकनाथांवरचा, आणि महात्मा म्हटल्यावर एकनाथ आठवत नव्हते. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये ‘फुले’ या हिंदी चित्रपटातून महार, मांग, पेशवाई असे शब्द बदलायला सांगितले गेले. ज्यांच्याविषयी जोतिरावांनी आयुष्यभर लिहिलं त्यांची नावंच अडचणीची. चित्रपट ११ एप्रिलला, त्यांच्या जयंतीला लागायचा होता, तो शुक्रवारही होता. लागला २५ एप्रिलला.

या शहराच्या स्वतःच्या नावाचंही तेच. २०१५ साली एका तरुण गायकाच्या गाण्यातला ‘बॉम्बे’ हा शब्द टीव्हीसाठी झाकायला लावला. ज्या न्यायालयात दाद मागायची त्याचं इंग्रजी नाव आजही बॉम्बे हायकोर्ट, आणि धंद्यात ज्या मुलुखाचे हक्क विकले जातात तोही ‘बॉम्बे सर्किट’.

या सर्किटवरून २०१६ आठवतं. पाकिस्तानी कलाकार असलेले चित्रपट दाखवणार नाही असं एकपडदा थिएटरमालकांच्या संघटनेने ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं, कुठे तर महाराष्ट्र, गुजरात, गोवा आणि कर्नाटकाचा काही भाग. बातमी वाचणाऱ्याला ही यादी विचित्र वाटेल. धंद्यातल्या माणसाला ती लगेच कळली: हा थोडाफार जुन्या मुंबई इलाख्याचा नकाशा, म्हणजे बॉम्बे सर्किट. दिवाळीचा शुक्रवार २८ ऑक्टोबरला. त्याच्या सहा दिवस आधी ‘वर्षा’ बंगल्यावर बैठक झाली, सैनिक कल्याण निधीला पाच कोटींची गोष्ट निघाली, आणि ‘ऐ दिल है मुश्किल’ लागला. त्या बैठकीपायी एक शॉटही कापला नाही. प्रमाणपत्र तर होतंच. कापला गेला तो निर्मात्यांचा कणा, आणि पुढच्या कराराआधी कलाकारांचं पारपत्र पाहायची सवय लागली.

रस्त्यावरच्या संतापालाही एक वेळापत्रक असतं. चित्रपट कुणी पाहिलेला नसतो, ट्रेलर पाहिलेला असतो. अडीच मिनिटांच्या ट्रेलरमध्ये जे सगळ्यात चटकन डोळ्यात भरतं तेच ठेवलेलं असतं, म्हणजे निर्मात्यानेच ठिणगी निवडून दिलेली असते. मग पत्रक, मग वाहिनीवर चौकोनी खिडक्यांत चर्चा, मग ‘आधी आम्हाला दाखवा’. ही मागणी सगळ्यात महत्त्वाची. जो आधी पाहतो तो मंडळाच्या वर बसतो. २०२५ च्या जानेवारीत संभाजी महाराजांवरच्या हिंदी चित्रपटाचा ट्रेलर आला, त्यात महाराज लेझीम खेळताना दिसले, आणि आठवडाभराच्या आत दिग्दर्शकाने दृश्य काढल्याचं सांगितलं. चित्रपटाची तारीख १४ फेब्रुवारी. लेझीम मुळात मर्दानी व्यायाम, शाळेच्या मैदानावरचा, आणि ते खेळणं अवमानकारक कसं हा प्रश्न विचारायला तीन आठवडे पुरत नाहीत. ऐतिहासिक चित्रपटात महाराष्ट्रात आता पटकथेआधीच तीन-चार जणांकडे जाऊन यायची रीत पडलीय, जसं लग्नाची पहिली पत्रिका देवाला.

तारखेआधीच सगळं घडतं असंही नाही. ‘फायर’ मंडळाने एकही कट न देता ‘ए’ म्हणून पास केला होता, नोव्हेंबर १९९८ मध्ये लागला, चांगला चालत होता. २ डिसेंबरला शिवसैनिकांनी न्यू एम्पायर आणि गोरेगावच्या सिनेमॅक्समध्ये मोडतोड केली. त्यानंतर जे झालं ते जास्त बोलकं आहे: प्रमाणपत्र असलेला चित्रपट पुन्हा मंडळाकडे पाठवला गेला. दगड मारणाऱ्याच्या हातातला दगड सोडून काच तपासायला पाठवली. फेब्रुवारी १९९९ मध्ये चित्रपट पुन्हा लागला, जसा होता तसाच.

थिएटरमालकाला भित्रा म्हणणं सोपं आहे. त्याच्या बाजूने गणित मांडून पाहा. विम्यात दंगल, संप, हेतुपुरस्सर नुकसान यांचं कलम असतं, फुटलेली काच त्यातून निघते. रद्द झालेल्या खेळांचं उत्पन्न निघायला वेगळं संरक्षण लागतं, आणि ते एकपडदावाल्याने क्वचितच घेतलेलं असतं. फोडतोड झाली की आठवडाभर कुटुंबं येत नाहीत, कुठलाही चित्रपट असो. मॉलमधल्या मल्टिप्लेक्सचा निर्णय तर मॉलच्या हातात, कारण खाली कपड्यांची आणि खाण्याची दुकानं आहेत, शनिवार-रविवार त्यांचाही आहे. पोलीस बंदोबस्त मिळतो, पण दारात हवालदार उभे दिसले की प्रेक्षक म्हणतो, पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात चित्रपट उतरलेला असतो. त्यामुळे मालक निषेधाचं निवेदन घेतो, चहा पाजतो, पोस्टर उतरवतो आणि दुसरा चित्रपट लावतो. त्याच्यासाठी दोन्ही चित्रपटांच्या पॉपकॉर्नला सारखीच चव.

बहिष्काराचा हॅशटॅग ही मात्र वेगळी जात. त्याला काच फोडायची नसते, त्याला वाटतं की तिकीटखिडकीच बंद पाडू. जमतं का? २०२२ च्या ऑगस्टमध्ये ‘लाल सिंग चढ्ढा’ पडला, श्रेय बहिष्काराने घेतलं. सप्टेंबरमध्ये ‘ब्रह्मास्त्र’वर तोच हॅशटॅग होता, तो चालला. ‘पठाण’च्या गाण्यातल्या भगव्या रंगावरून डिसेंबर २०२२ पासून महिनाभर रान पेटलं, जानेवारी २०२३ मध्ये तो लागला, आणि त्याने जगभरात हजार कोटींचा टप्पा ओलांडला. कोंबडं आरवलं म्हणून उजाडलं असं कोंबड्याला वाटतं. धंद्यातली माणसं हॅशटॅग बघत नाहीत, सोमवार बघतात. शुक्रवारच्या निम्म्याहून जास्त सोमवारी आलं तर चित्रपटाने पकड धरली. बहिष्कार करणारा पहिल्या दिवशीही येणार नव्हता. सोमवारी जो येत नाही तो मित्राने ‘कंटाळा आला’ सांगितलेला माणूस.

बहिष्काराचा खरा परिणाम पडलेल्या चित्रपटांत मोजू नये. न झालेल्या चित्रपटांत मोजता आला असता, पण त्यांची तिकीटविक्री कुठे छापून येत नाही.

न्यायालयांनी या सगळ्यात बरीच अब्रू राखली आहे. दूरदर्शनवर ‘तमस’ सुरू असताना जानेवारी १९८८ मध्ये स्थगिती आली. न्यायमूर्ती लेंटिन आणि सुजाता मनोहर यांनी सगळी मालिका स्वतः बसून पाहिली आणि स्थगिती उठवली. सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. पाहून मग बोलणं, इतकी साधी गोष्ट. तिथे आणि नंतर कितीतरी निकालांत जी कसोटी उद्धृत झाली ती आपल्या नागपूरची, न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी चाळीसच्या दशकात घालून दिलेली: शब्दांचा परिणाम खंबीर, विवेकी माणसाच्या मापाने मोजायचा, जो प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगतो त्याच्या मापाने नाही. १९८९ च्या रंगराजन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तर सांगून टाकलं की जमाव खवळेल म्हणून सरकारला हात वर करता येणार नाहीत, बंदोबस्त ठेवणं हेच त्याचं काम.

निकाल उत्तम, पण घड्याळ? ‘उडता पंजाब’ला मुंबई उच्च न्यायालयाने एक कट आणि सूचनापाटीतल्या बदलांवर सोडवलं, ४८ तासांत प्रमाणपत्र द्यायला सांगितलं. तारीख सोमवार, १३ जून २०१६. चित्रपट शुक्रवारी, १७ ला. मधल्या दोन दिवसांत त्याची प्रत इंटरनेटवर फुटली, आणि तिच्यावर ‘सेन्सॉरसाठी’ अशी इंग्रजी खूण होती. दुसरं टोक म्हणजे ‘ब्लॅक फ्रायडे’. नावातच शुक्रवार. १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा खटला सुरू आहे, निकालावर परिणाम होईल म्हणून जानेवारी २००५ मध्ये थांबवला. ९ फेब्रुवारी २००७ ला लागला. कारण रास्त होतं, आरोपींचाही हक्क असतो. पण दोन वर्षांचं व्याज कुणी द्यायचं, याचं उत्तर कुठल्याच कायद्यात नाही.

दैनंदिन मालिकेला शुक्रवार नसतो. आज चित्रित झालेला भाग परवा दिसतो. तिचं नाक जाहिरातदाराकडे. म्हणून वाहिनीत एक खातंच असतं, संहिता वाचून आधीच लाल खूण करणारं, आणि चूक झालीच तर माफी त्याच संध्याकाळी. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘बिग बॉस’मध्ये एका स्पर्धकाने मराठी बोलण्याची चीड येते असं म्हटलं, वाहिनीने चोवीस तासांच्या आसपास लेखी माफी मागून टाकली. समिती नाही, सुनावणी नाही, ६८ दिवस नाहीत.

ओटीटीला तर ना शुक्रवार, ना थिएटरची काच. म्हणून वाटलं होतं तिथे मोकळं रान मिळेल. २०२१ च्या नियमांनी तक्रार अधिकारी आला, २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल. पण तक्रारीपेक्षा पोलीस ठाण्यातला एफआयआर जलद. तो कुठल्याही गावात नोंदता येतो, आणि कंपनीच्या अधिकाऱ्याला त्या गावी जावं लागतं. जानेवारी २०२४ मध्ये ‘अन्नपूर्णी’ हा तमिळ चित्रपट नेटफ्लिक्सवरून उतरवला गेला. तो मंडळाने प्रमाणित केलेला होता, थिएटरमध्ये लागून गेलेला होता. कागद असूनही एका रात्रीत गेला, आणि जाताना त्रिकोणसुद्धा मागे ठेवला नाही. आता मुंबईत पटकथा दिग्दर्शकाच्या आधी वकील वाचतो. तो संवाद कापत नाही, समासात एवढंच लिहितो: ‘धोका: मध्यम’. लेखक पुढचा मसुदा देतो तेव्हा ते पान नसतं.

रीळ होतं तेव्हा कापलेले तुकडे मंडळाकडे जमा करावे लागत. आता जमा करायला काही वस्तूच उरली नाही. अंधेरी-ओशिवऱ्याच्या संकलनाच्या खोल्यांत टेबलाखाली हार्ड डिस्क असतात, त्यांवर चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलेलं. आत फोल्डर: ‘फायनल’, ‘फायनल सेन्सॉर’, ‘फायनल सेन्सॉर २ बैल सोडून’, ‘टीव्ही’, ‘ओटीटी लीगलनंतर’. आणि सगळ्यात खाली, दिग्दर्शकाने संकलकाला ‘हे उडवू नकोस’ म्हणून सांगितलेलं, ‘जुनं’.